रायशेनबाखचा अर्धाच धबधबा

अकरा दिवसांच्या युरोप टूरमधले दहा दिवस मी सांगत बसत नाही. पॅरिसला पाऊस, रोमला रांगा आणि रोज पहाटे साडेपाचला उठवणारा फोन. सगळ्यांच्या फोटोंत जे आहे तेच माझ्याही आहे. मी पैसे भरले होते ते अकराव्या दिवसासाठी. ल्युसर्नहून इंटरलाकेनला जाताना बस स्वित्झर्लंडमधल्या मायरिंगेनला दोन तास थांबवायची, असं टूर मॅनेजरकडून आधीच कबूल करून घेतलं होतं.

"कशासाठी थांबतोय?" बसमध्ये मागून आवाज आला.

"डॉक्टरांना धबधबा बघायचाय."

"अहो, मग आंबोली काय वाईट होती? तिथे कणीस तरी मिळतं."

यावर काय बोलणार? 'तिथे शेरलॉक होम्स पडला' असं म्हणालो असतो तर पुढचा प्रश्न 'कधी?' हाच आला असता. आणि त्याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं: ४ मे १८९१. न जन्मलेल्या माणसाच्या मरणाची तारीख मला पाठ आहे आणि बायकोच्या वाढदिवसाला मोबाइलवर आठवण लावावी लागते. हे बसमध्ये कबूल करायची सोय नव्हती, कारण बायको शेजारीच बसली होती.

याला कारण आमच्या गावचं वाचनालय. अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड संपवून मी होम्सच्या मराठी भाषांतराकडे वळलो, तेव्हा सातवीत होतो. हाती लागलेल्या भागातली शेवटची गोष्ट नेमकी हीच, होम्स आणि त्याचा कट्टर शत्रू मोरिआर्टी धबधब्याच्या कड्यावर झुंजतात ती. अरुंद पायवाट, खाली घोंगावणारं पाणी, कड्याला टेकवलेली होम्सची काठी, सिगारेटच्या डबीखाली ठेवलेली चिठ्ठी. चिखलात दोघांच्या पावलांचे ठसे कड्याकडे गेलेले, परत आलेला एकही नाही. मी धावत जाऊन पुढचा भाग मागितला. ग्रंथपालांनी रजिस्टर न उघडताच सांगितलं, "बाहेर आहे." तो दोन वर्षं बाहेर होता. त्या दोन वर्षांत माझ्यापुरता होम्स खरोखर मेलेला होता.

त्याच कपाटातल्या निम्म्या पुस्तकांच्या पहिल्या पानावर कुणीतरी पेन्सिलीने खुन्याचं नाव लिहून ठेवायचा. 'खुनी – धाकटा दीर', असं, सुवाच्य अक्षरात. मी रबर घेऊन खोडायचो, पण वाचलेलं कसं खोडणार? तो जो कोण होता, त्याला मी अजून माफ केलेलं नाही.

होम्सचा लेखक कॉनन डॉयल १८९३च्या उन्हाळ्यात स्वित्झर्लंडला आला होता. होम्सचा त्याला कंटाळा आलेलाच होता. इथला रायशेनबाखचा धबधबा पाहिला आणि जागा ठरली. त्याच डिसेंबरात 'स्ट्रँड' मासिकात गोष्ट छापून आली. होम्स वाचला होता हे वाचकांना कळायला १९०३ उजाडलं. त्यांच्या दहा वर्षांपुढे माझी दोन म्हणजे काहीच नाहीत.

मायरिंगेन हे छोटंसं गाव आहे आणि त्याला या खुनाचा फार अभिमान आहे. होम्सचा पुतळा आहे, इंग्लिश चर्चच्या तळघरात संग्रहालय आहे, आणि या काल्पनिक माणसाला गावाने सन्माननीय नागरिकत्वही दिलंय. मरँग नावाची अंड्याच्या पांढऱ्याची आणि साखरेची मिठाई आमच्याच गावची, असाही त्यांचा दावा आहे. आमची मंडळी तीच खायला बेकरीत शिरली. मी आरे नदी ओलांडून फ्युनिक्युलरकडे पळालो. बायको म्हणाली, "जा तू. मी पुतळा बघते, तो तरी जागचा हलत नाही."

१८९९पासून ही रुळावरची गाडी चढावर माणसं नेतेय. लाकडी उघडा डबा, लाकडी बाकं. वर पोचायच्या आधीच तोंडावर तुषार येतात. मे महिन्याचा शेवट, बर्फ वितळत होतं, त्यामुळे पाणी उतू चाललेलं. एकाच जागी नजर लावली की पाणी थांबलंय आणि कडाच वर सरकतोय असं वाटायला लागतं. समोर, दरीपलीकडच्या खडकावर, एक पांढरी चांदणी रंगवलेली. दोघं झुंजले ते तिथे.

इथे काहीही घडलेलं नाही हे माहीत असूनही माझ्या पोटात खड्डा पडला. सातवीतला मुलगा वाचनालयाच्या पायरीवर बसून ज्या कड्याकडे बघत होता, तो अगदी असाच होता. फक्त त्याच्या कड्याला कठडा नव्हता.

चांदणीपर्यंत जायला जंगलातून वर चढून, पुलावरून पलीकडे जाऊन, परत खाली उतरावं लागतं. मी निम्मा चढलो असेन, तेवढ्यात फोन वाजला. टूर मॅनेजर.

"सर, लगेच खाली या. काकूंना चक्कर आलीय."

"अहो, मी दातांचा डॉक्टर आहे!"

"पण डॉक्टर आहात ना, सर?"

आता गोष्ट आठवा. होम्सचा डॉक्टर मित्र वॉटसन याच वाटेवर असताना हॉटेलातून चिठ्ठी येते, एक इंग्रज बाई अत्यवस्थ आहे, ताबडतोब या. तो खाली जातो. तिथे कुणी आजारी नसतंच. मला हे सगळं तोंडपाठ होतं, तरीही मी वळलो. लहानपणी मी वॉटसनला मनसोक्त शिव्या दिल्या होत्या, त्या सगळ्या उतरताना परत घेतल्या.

बेकरीपाशी पोचलो तर काकू बाकावर बसून खाकरा खात होत्या. मधुमेहाची गोळी घेतली, जेवायला उशीर झाला, डोळ्यांपुढे अंधारी आली. मॅनेजरने केळं आणून दिलं आणि दहा मिनिटांत बरं वाटलं. म्हणजे माझ्याआधी केळ्याने काम केलं होतं. मी नाडी बघितल्यासारखं केलं. बस सुटायला सात मिनिटं होती. संग्रहालयाचं दार मी फक्त बाहेरून पाहिलं.

बसमध्ये काकू मुद्दाम पुढे येऊन बसल्या. "माझ्यामुळे तुमचा धबधबा राहिला हो डॉक्टर. होतं तरी काय तिथे?"

ब्रिएंझचं तळं खिडकीतून निळंशार दिसत होतं, पण मी त्याकडे पाठ करून सगळी गोष्ट सांगितली. मोरिआर्टी, काठी, चिठ्ठी, परत न आलेली पावलं. मागच्या दोन रांगा कान देऊन ऐकत होत्या. आंबोलीवालेसुद्धा.

"अगं बाई! मग मेला का हो तो?"

"पुढच्या भागात आहे, काकू."

"मग सांगा ना."

"तो बाहेर आहे," मी म्हणालो.