आमची वाटचाल : ओम्नीपासून सोनोग्राफीच्या गाडीपर्यंत

शिरपूरला हायवेच्या कडेला एक जुनी ओम्नी घेऊन सुरू केलं, ड्रायव्हर मीच, मालक पण मीच. काम एकच, पेशंट उचला आणि धुळ्याला पळा, 50 किलोमीटर. एकदा पळासनेरकडून एक बाईकवाला आणला, अंगावर साधं खरचटलेलं, "भो, पानी दे ना" म्हणत होता, म्हणून जवळच्या दवाखान्यात उतरवला. तिथं सर्जनच नाही आणि याची आत प्लीहा (पोटात डावीकडं बरगड्यांखाली असते ती) फुटलेली. दुसरीकडे नेईपर्यंत उशीर झाला होता. ते काही डोक्यातून जाईना.

आमच्याकडच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, फास्ट नावाची सोनोग्राफी असते. लिव्हर आणि किडनीच्या मध्ये, प्लीहेजवळ, लघवीच्या पिशवीपाशी आणि हृदयाभोवती प्रोब, म्हणजे सोनोग्राफीचा अंगावर टेकवायचा भाग, ठेवून बघायचं, रक्त साचलं असेल तर काळं दिसतं, पाचेक मिनिटांचं काम. छातीत हवा भरलीय का तेही कळतं. प्रोब हातात मावेल एवढा, टॅबला जोडायचा. मला वाटलं पैसे भरले की मशीन आपलं, पण कसलं काय! गर्भलिंग निदानाचा 1994 चा कायदा आडवा आला. पोर्टेबल मशीन एकतर नोंदणी झालेल्या दवाखान्यात भरती पेशंटसाठी, नाहीतर इतर तपासण्या पण देणाऱ्या फिरत्या वैद्यकीय गाडीत, नुसत्या ॲम्ब्युलन्समध्ये नाहीच. आपल्या जळगावकडे मुलींचं प्रमाण किती घसरलं होतं ते बघता नियम कडक आहे ते बरंच आहे, पण फाईल घेऊन चकरा मारून माझ्या चपला झिजल्या ना.

मग मोठी गाडी, ईसीजी, रक्ततपासणी, सगळं कर्जावर. मशीनला हात फक्त मॅडमचा. आत "येथे गर्भलिंग निदान केले जात नाही" ही पाटी, अपघातातला पेशंट पडल्यापडल्या तीच वाचतो.

तपासणीसाठी गाडी थांबवायची नाही हा आमचा नियम, चालत्या गाडीतच बघायचं. खड्डा आला की चित्र हलतं, मॅडम आतून ओरडतात, मग मी गाडी हळू घेतो. मे महिन्यात काचेतून एवढं ऊन येतं की टॅबवर काही दिसत नाही, हेल्पर वरून गमछा धरतो. आणि काळं दिसलं नाही म्हणजे सुटलो असं नाही, सुरुवातीला रक्त थोडं असेल तर दिसतच नाही, अशालाही आम्ही सर्जन असेल तिथंच नेतो. दिसलं तर वाटेतूनच फोन, ऑपरेशनची तयारी ठेवा, रक्ताची सोय बघा.

या तपासणीचे पैसे आम्ही वेगळे लावत नाही. हप्ते निघतात ते पाड्यांवरच्या शिबिरांतून, शुगर-बीपी तपासून.