सेवेचे तास मोजताना

समाजसेवा पुरस्काराचे बरेच अर्ज मागे पडतात ते काम कमी पडलं म्हणून नाही, तर नोंद नीट नाही म्हणून. वर्षअखेरीला आठवून लिहिलेले तास गोल आकड्यांत येतात आणि परीक्षकांना ते ओळखू येतं. पहिल्या दिवसापासून वही ठेवा: तारीख, सुरू-संपण्याची वेळ, नेमकं काम. दर महिन्याला संस्थेतल्या मार्गदर्शकाची सही घ्या. मार्गदर्शक मध्येच बदलला तर नवा माणूस जुन्या महिन्यांवर सही करत नाही, आणि ते बरोबरच आहे. प्रवास आणि प्रशिक्षणाचे तास धरतात का, हे आधीच विचारा.

सरकारी कार्यालयात इंटर्नशिप असेल तर रुजू होण्यापूर्वी एका पानाचं पत्र मागा. त्यात आठवड्याचे तास, विद्यावेतन आणि शेवटी काय तयार करून द्यायचं, हे हवं. नाहीतर फायली लावण्यातच महिने जातात. या कामाचं क्रेडिट (पदवीच्या अभ्यासक्रमात धरले जाणारे श्रेयांक) हवं असेल तर कॉलेजातल्या तुमच्या विभागाची मंजुरी आधी.

पुरस्काराच्या अर्जासोबतच्या निबंधात ‘मी किती शिकलो’पेक्षा काय बदललं ते लिहा. ‘३० मुलांना शिकवलं’ एवढं पुरत नाही. आधी किती जण वाचत होते, नंतर किती, आणि तुम्ही गेल्यावर वर्ग कोण चालवतंय? हा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण सेवा घेणाऱ्यांना तुमच्या प्रमाणपत्राचा काही उपयोग नसतो. मुलांचे फोटो जोडायचे तर पालकांची लेखी परवानगी घ्या. शिफारसपत्रासाठी निदान तीन आठवडे द्या, सोबत नोंदवहीची प्रत.