लेगी ते क्लिवोन: मेनोरेच्या डोंगरातला माडाचा गूळ

सोमवार, लेगी

इंडोनेशियातल्या जावा बेटावर, खेड्यात दोन आठवडे एकाच वेळी चालतात. एक आपला सात वारांचा. दुसरा पाच दिवसांचा: लेगी, पाहिंग, पोन, वागे, क्लिवोन. या पाचांना पासारान म्हणतात. पासार म्हणजे बाजार, शब्दही तोच, कारण गावोगावचे बाजार या पाच दिवसांच्या हिशेबाने भरत आले. योग्याकार्ताच्या पश्चिमेला, प्रोगो नदीपलीकडे कुलोन प्रोगो जिल्हा आहे. त्यातल्या कोकाप तालुक्यात मेनोरे डोंगराच्या उतारावर हार्गोतिर्तो, हार्गोविलिस अशी गावं आहेत. (तिर्तो म्हणजे आपलं तीर्थ, तिथे अर्थ नुसता पाणी.) इथला गुळाचा हिशेबही या पाच दिवसांतच बसतो. माड एकाचा आणि चढणारा दुसरा असेल तर अर्धेली ठरते. पाच दिवसांचा गूळ तुझा, पुढच्या पाच दिवसांचा माझा. रोज वजन करून वाटत बसायची कटकट नाही. मात्र पावसाची पाच दिवसांची झड नेमकी ज्याच्या पाळीत येईल त्याचं नशीब.

भातशेतीला सपाटी फार नाही. उतारावर माड, मधेमधे लवंग, साग, महोगनी, खाली आलं-हळद. रोख पैसा देतो तो माडच, आणि तोही नारळातून नव्हे. नारळ धरू द्यायचाच नाही, पोयीतून, म्हणजे माडाच्या फुलोऱ्यातून, नीरा काढायची. तिथेही तिला निराच म्हणतात आणि गुळाला गुला.

मंगळवार, पाहिंग

आज चढण्याबद्दल. नीरा काढणारा तो पन्देरेस, आपल्याकडचा रेंदेर समजा. खोडावर पाय रोवायला खाचा पाडलेल्या असतात. दोर नाही, पट्टा नाही, कमरेला कोयती आणि भांडी. माड पंधरा-वीस मीटरचे. दिवसातून दोनदा चढायचं, पहाटे आणि दुपारी उशिरा. एका माणसाकडे वीसेक माड असतील तर चाळीस चढ-उतार. पडून मोडलेली कंबर हा या धंद्यातला जुना भोग आहे, पोरं चढायला तयार नाहीत याचं पहिलं कारण तेच.

पोय न उमललेली हवी. तिला दोरीने बांधून रोज थोडी थोडी खाली वाकवतात, एकदम ओढली तर देठात मोडते आणि ती पोय वाया. टोक कापल्यावर पाझर सुरू होतो. मग प्रत्येक खेपेला कागदाएवढा पातळ काप. जाड काप घेतला की पोय लवकर संपते, काप चुकवला की तोंड सुकून पाझर बंद पडतो. कोयती बोथट असली तर तंतू चिरडतात, तरीही तेच. नीट कापलेली पोय महिनाभर सहज चालते. एका माडाची दिवसाची नीरा साधारण लिटर-दीड लिटर.

बुधवार, पोन

मुद्द्याची गोष्ट आज. चुलीपाशी उभं राहून गुळाची चर्चा करणारे पुष्कळ असतात, पण जावाचा गूळ चुलीवर बिघडत नाही, झाडावर बिघडतो.

ताजी नीरा गोड आणि साधारण उदासीन, म्हणजे ना आम्ल ना अल्कली, असते, साखर बारा ते पंधरा टक्के. भांडं रात्रभर वर टांगलेलं, हवा दमट, यीस्टला मोकळं रान. यीस्ट आणि आंबटपणा मिळून ऊसाच्या जातीची साखर फोडून टाकतात, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं. हे दोघे दाणा धरत नाहीत, उलट हवेतलं पाणी ओढतात. असल्या नीरेला चार तास आटवा की सहा तास, हाती चिकट काकवीच येणार.

म्हणून भांडं टांगण्याआधी तळाशी लारू घालतात. लारू म्हणजे चुन्याचं पाणी, त्यात मंगुस्तान (मँगोस्टीन) फळाची साल किंवा फणसाच्या लाकडाच्या ढलप्या. चुना आंबटपणा मारतो, साल-ढलप्यांमधला तुरटपणा जंतूंना आवरतो. प्रमाण हाताच्या अंदाजाचं, एका भांड्याला चमचा-दोन चमचे. कमी पडला तर नीरा आंबते. जास्त झाला तर गूळ काळपट होतो आणि जिभेला चरचरतो.

लारूपेक्षाही दुर्लक्ष होतं ते भांड्याकडे. पूर्वी बांबूचं नळकांडं, हल्ली प्लास्टिकचे डबे. कालच्या नीरेचा हात लावला तर बुळबुळीत लागणारा थर आत राहिला की आजचा चुना त्याच्याशीच झगडण्यात संपतो. भांडं रोज उकळत्या पाण्याने विसळायचं आणि पालथं घालून पूर्ण निथळवायचं. काही जण लारूऐवजी बाजारातली सल्फाइटची पूड टाकतात. गूळ छान पिवळा दिसतो, पण सेंद्रिय म्हणून परदेशी जाणाऱ्या मालात ती सापडली की अख्खी खेप परत.

गुरुवार, वागे

पाऊस. भांड्यात पाणी शिरतं, नीरा पातळ, सरपण ओलं, खोडं निसरडी. आटवायला जास्त वेळ, हाती कमी गूळ.

चढणं बहुतेक पुरुषांकडे, चूल बायकांकडे. चुलीला आणि स्वयंपाकघरालाही पावोन म्हणतात, शब्द आवू म्हणजे राख यावरून. नीरा आधी फडक्यातून गाळायची. मेलेल्या मधमाश्या, पोयीचा कचरा आणि चुन्याचा गाळ इथेच थांबला पाहिजे. मग कढईत मोठा जाळ. मळी वर येईल तशी झाऱ्याने काढत जायची. पाणी आटत आलं की फेस कढईबाहेर धावतो. त्यावर खोवलेल्या नारळाची चिमूट टाकली की बसतो, नारळातलं तेल फेस मोडतं. इथून जाळ कमी. शेवटच्या पंधरा मिनिटांत मोठा जाळ ठेवला तर तळ करपतो आणि कडवटपणा सगळ्या घाण्यात उतरतो. दुपारची नीरा तशीच ठेवत नाहीत, एक उकळी देऊन ठेवतात आणि सकाळच्या नीरेबरोबर आटवतात.

तयार झालं कसं ओळखायचं? आपल्या गुऱ्हाळातला गुळव्या ओळखतो तसंच. थेंब गार पाण्यात टाकायचा, विरघळला तर वेळ आहे, गोळी होऊन कडक झाला तर कढई उतरवायची. घोटून करवंटीच्या अर्ध्या वाट्यांत ओतायचं. वाट्या आधी पाण्यात भिजवलेल्या हव्यात, नाहीतर ढेप सुटत नाही. सात-आठ लिटर नीरेचा किलोभर गूळ.

दाणेदार गुळाला तिथे गुला सेमुत म्हणतात, शब्दशः मुंगीसाखर. त्यासाठी पाक थोडा पुढे न्यायचा, उतरवून दहाएक मिनिटं हलवायचा नाही, मग कडेने दाणा दिसू लागला की करवंटीच्या घोट्याने न थांबता रगडायचा. क्षणभर ओल्या वाळूसारखं दिसतं आणि मग एकदम मोकळं होतं. चाळून वाळवायचं. इंडोनेशियाच्या राष्ट्रीय मानकात साच्यातल्या गुळाला १० टक्के ओल चालते, दाणेदारला फक्त ३. पावसाळ्यात उन्हाच्या भरवशावर ३ टक्के गाठणं कठीण, आणि ओल राहिली तर पिशवीत त्याचा दगड होतो.

शुक्रवार, क्लिवोन

माल घेणारा ढेप मोडून बघतो. कट्‌कन मोडली आणि आत बारीक दाणा चमकला तर भाव पूर्ण. अंगठा रुतला तर बाजूला. न जमलेल्या या मऊ गुळाला गेंब्लुंग म्हणतात, जावानीत त्याचा अर्थ वेडा. कोणी त्यात पांढरी साखर घालून पुन्हा आटवतात, मग ढेप घट्ट होते पण मोडल्यावर आतला दाणा साखरेचा दिसतो आणि जाणकाराला कळतं. बाकीचा वेडा गूळ स्वस्तात गोड सोया सॉस करणाऱ्यांकडे जातो. तिथे तो पुन्हा पातळच करायचा असतो.