तुम्ही विचारलंत म्हणून: ऐन थंडीत बागेत आगगाडी कशाला?

"अगं, उन्हाळा काय थोडा आहे? थंडीत कुडकुडत बाहेर कशाला उभी राहतेस?" नेरळहून मावशी फोनवर हे दर वर्षी विचारते. इथले शेजारी कुंपणापलीकडून तेच विचारतात, आणि बर्फातल्या गाडीचे माझे व्हिडिओ पाहून तुमच्यापैकीही बऱ्याच जणांनी विचारलंय. आमच्या घरामागच्या बागेत, एकमेकांपासून ४५ मिलिमीटर अंतरावर टाकलेल्या दोन रुळांवर, वाफेची आणि विजेची छोटी इंजिनं धावतात. उन्हाळ्यात मी ती क्वचित बाहेर काढते. झाडांची पानं गळून संपली की माझा हंगाम सुरू होतो. त्यामागचं कारण एकदा नीट सांगायचं होतंच.

आम्ही राहतो जर्मनीत, न्यूर्नबर्गला लागून असलेल्या फ्युर्ट गावात. या देशातली पहिली वाफेची गाडी न्यूर्नबर्गहून इथेच आली, ७ डिसेंबर १८३५ रोजी. बोरीबंदर-ठाणे गाडी सुटायला तेव्हा अजून सतरा वर्षं बाकी होती. बागेतल्या गाड्यांचं माहेरही हेच. न्यूर्नबर्गच्या लेमान कंपनीने १९६८ मध्ये इथल्या खेळण्यांच्या जत्रेत एलजीबी ही मोठ्या आकाराची गाडी आणली. प्रमाण १:२२.५, म्हणजे खऱ्या मीटरगेजचे, एकमेकांपासून एक मीटरवर असलेले रूळ इथे ४५ मिलिमीटरवर येतात. पितळी रूळ, त्यांच्याखाली उन्हापावसाला टिकणारे प्लास्टिकचे आडवे स्लीपर. गाडी दिवाणखान्यातून अंगणात आणायची म्हणूनच ती घडवलेली होती. आता अंगणात आणली, तर अंगणातलं हवामानही घ्यायला नको का?

मी नेरळची. पावसाळा लागला की माथेरानला चढणारी गाडी बंद व्हायची आणि ऑक्टोबर येईपर्यंत आम्हा मुलांना इंजिन दिसायचं नाही. दिसायची ती गँगमनची माणसं. घोंगडी, इरलं नाहीतर प्लास्टिकचा कागद डोक्यावर घेऊन ती घाटात काम करत असायची. वाहून आलेली माती काढायची, खडी पुन्हा भरायची, गटारं मोकळी करायची. गाडी नसताना रेल्वे चालू होती ती या माणसांमुळे. रेल्वे म्हणजे आधी रस्ता राखणं, हे माझ्या मनात तेव्हापासून बसलंय. उन्हाळ्यात माझ्या बागेत राखण्यासारखं फारसं काही नसतं. गाडी लावली की गोल गोल फिरत राहते आणि मी चहा घेऊन बसून राहते. हिवाळ्यात मात्र गाडी पुढे जाईल की नाही हे सकाळी बाहेर पडल्याशिवाय कळत नाही. तिथून पुढचं सगळं मला मनापासून आवडतं.

एक गोष्ट या छंदात नसलेल्यांच्या सहसा लक्षात येत नाही. इंजिन लहान करता येतं, डबे, पूल, स्टेशन लहान करता येतं, बर्फ लहान करता येत नाही. पाच सेंटिमीटर बर्फ पडला तर माझ्या गाडीच्या हिशेबाने तो एक मीटर दहा सेंटिमीटरच्या वर जातो. लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही साडेबावीस पटींनी कमी केल्यामुळे इंजिनाचं वजन खऱ्याच्या सुमारे अकरा हजार चारशेव्या भागाइतकं उरतं. समोरच्या बर्फाचा अडथळा मात्र क्षेत्रफळाच्या हिशेबाने, म्हणजे फक्त पाचशे पटींच्या आसपास कमी होतो. त्यामुळे उंचीच्या मानाने तेवढाच बर्फ छोट्या इंजिनाला खऱ्या इंजिनापेक्षा वीस-बावीस पट जड जातो. म्हणून मी इंजिनापुढे बर्फ बाजूला सारणारा नांगर लावते, मागच्या डब्यात शिशाची वजनं ठेवते आणि थोडं थोडं रेटत जाते. हातभर पुढे, मागे, पुन्हा पुढे. स्वित्झर्लंडच्या बेर्निना खिंडीत २,२५३ मीटर उंचीवरून मीटरगेजची गाडी बारा महिने धावते. तिथलं १९१० सालचं वाफेवर चालणारं बर्फ फेकणारं यंत्र अजून जपून ठेवलंय. त्या मार्गावर हे काम किती मोठं असेल, याचा अंदाज मला पुस्तकांपेक्षा माझ्या छोट्या नांगराने जास्त दिला.

बर्फाच्याही जाती असतात. उणे पाचच्या खाली पडलेला कोरडा, भुसभुशीत बर्फ नांगरासमोरून पिठासारखा उडतो आणि गाडी मजेत जाते. शून्याच्या आसपासचा ओला बर्फ त्रास देतो. तो चाकांना चिकटतो, सांध्यांत, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते तिथे, जाऊन घट्ट बसतो, आणि चाकाची कड जाते त्या खाचेत दाबला गेला की गाडी रुळावरून उचलली जाते. सांधे मी रंग द्यायच्या जुन्या ब्रशने हातानेच साफ करते. गरम पाणी ओतायचं नाही, दहा मिनिटांत त्याचाच बर्फ होतो. मीठ तर मुळीच टाकायचं नाही. रस्त्यावर ते ठीक आहे, पण इथे पितळ खराब होतं आणि रुळाकडेची झुडपं मरतात. रात्रीचं दव रुळावर गोठून काचेसारखा पातळ थर धरतं. त्यातून वीज जात नाही, इंजिन अडखळतं, ठिणग्या उडतात. अशा दिवशी मी बॅटरीचं किंवा वाफेचं इंजिन काढते. बॅटरी घरात चार्ज करते, कारण लिथियमची बॅटरी शून्याखाली चार्ज केली तर कायमची बिघडते.

जमिनीखाली काय चाललंय तेही बघावं लागतं. ओली माती गोठली की फुगते आणि वरच्या वस्तूला उचलते. घराचा पाया इथे त्यासाठी साधारण ८० सेंटिमीटर खाली नेतात. बागेतल्या रुळासाठी कोण एवढं खणणार? खाली पाणी झिरपून जाईल अशी खडी भरायची आणि वसंतात पातळी पुन्हा लावून घ्यायची. शिवाय पितळ आकसतं. उन्हात पन्नास अंशांपर्यंत तापलेला दहा मीटरचा रूळ उणे दहाला सुमारे ११ मिलिमीटर आखूड होतो. म्हणून रूळ कुठेही खिळवून टाकायचे नाहीत, खडीत मोकळे ठेवायचे. जानेवारीत रुळांच्या जोडांतल्या फटी रुंदावलेल्या दिसतात. खऱ्या मार्गावर दोन रूळ जोडणाऱ्या पट्टीपाशी, फिशप्लेटपाशी, थांबून बघणाऱ्या माणसासारखीच मी त्या बघत जाते.

आणि वाफ! खरं सांगायचं तर एवढ्या एका कारणासाठीही मी थंडीत उभी राहीन. उन्हाळ्यात तीस अंशांना वाफेचं इंजिन चालवलं तर धुराड्यातून काही निघतंय हे जेमतेम दिसतं. गरम हवेत वाफ दिसण्याआधीच विरून जाते. उणे पाचला त्याच वाफेचे बाहेर पडताक्षणी बारीक थेंब होतात, ती पांढरीशुभ्र होते आणि सगळ्या गाडीवरून मागे ओढली जाते. प्रत्येक फुत्कार वेगळा दिसतो. इंजिन चढाला लागलं हे आवाजाआधी वाफेवरून कळतं.

मात्र त्यासाठी थोडी सेवा करावी लागते. या छोट्या इंजिनांत बॉयलरखाली गॅस जळतो. नुसता ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला उकळतो, म्हणजे त्याहून थंडी असली की टाकीत द्रवच राहतो आणि बर्नर मालवतो. प्रोपेन उणे बेचाळीसलाही उकळतो, म्हणून दोन्हींचं मिश्रण वापरायचं, तेही इंजिनाच्या टाकीला जे चालतं असं बनवणाऱ्याने सांगितलंय तेच. टाकीभोवती कोमट पाणी ठेवलं की दाब टिकतो. ज्योत तिच्याजवळ कधीही न्यायची नाही. सुरुवातीला इंजिनाचे सिलिंडर, म्हणजे ज्यांत वाफ दट्ट्या ढकलते ती नळकांडी, थंडगार असतात, आत गेलेल्या वाफेचं पाणी होतं आणि धुराड्यातून तेलकट थेंब उडतात. तेव्हा घाई न करता इंजिन हाताने मागेपुढे ढकलून पाणी बाहेर काढायचं. खेळ संपला की बॉयलर आणि तेलाची कुपी गरम असतानाच रिकामी करायची. आत राहिलेलं पाणी रात्रीत गोठलं तर पितळी नळी फाटते.

हे सगळं वाचून काही जणांनी पुढचा प्रश्न विचारलाय: आपल्याकडे जमेल का? नाशिकला, पुण्याला, नागपूरला अंगण असेल तर जरूर जमेल, आणि तिथेही हंगाम हिवाळ्याचाच. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा कोरडी, ऊन सोसवेल असं, सकाळी वाफही बऱ्यापैकी दिसते. मला विचाराल तर माझ्यासारखं मीटरगेज न घेता माथेरानची गाडी करा. तिचं गेज दोन फुटांचं. एका फुटाला १६ मिलिमीटर धरलं की रूळ ३२ मिलिमीटरचे होतात, आणि त्या मापाचे रूळ आणि वाफेची इंजिनं ब्रिटनमध्ये तयार मिळतात. १९०७ साली ती गाडी सुरू झाली तेव्हाची इंजिनं जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कॉपेल कंपनीची होती, त्यामुळे तुम्ही ती केलीत तर मला इथे बसून विशेष आनंद होईल. गॅसच्या टाकीला कोमट पाणी तुम्हाला बहुधा लागणार नाही. खडी मात्र मे महिन्यातच भरून ठेवा. पावसाळाभर पाणी पिऊन ती नीट बसते, पाणी कुठे तुंबतं तेही दिसतं, आणि ऑक्टोबरात रूळ टाकता येतात.