पडण्याची वही: पार्किन्सन्स आणि तोल

बाबांच्या पार्किन्सन्समध्ये थरथरीपेक्षा जास्त छळलं ते पडण्यानं. त्यावर सगळ्यात कामाला आली एक साधी वही. प्रत्येक पडण्यासमोर चार नोंदी करायच्या: किती वाजता, आधीची गोळी कधी घेतली होती, कुठे आणि नेमकं काय करताना. पडता पडता वाचले, तर तेही लिहायचं. थोड्या दिवसांत लक्षात येतं की माणूस उगाच कुठेही पडत नाही. आमच्या बहुतेक नोंदी गोळीचा असर उतरलेल्या वेळेच्या होत्या. त्याही वळताना, खुर्चीतून उठताना किंवा दाराशी पाय अडल्यावरच्या.

न्यूरॉलॉजिस्टसमोर वही ठेवली की बोलणं ‘हल्ली फार पडतात’च्या पुढे सरकतं. लेवोडोपाच्या, म्हणजे पार्किन्सन्सवरच्या मुख्य गोळीच्या, वेळा बदलता येतात. जेवणाच्या अर्धा तास आधी गोळी घेतली तर जेवणातली प्रथिनं तिच्या आड येत नाहीत. हे फेरफार मात्र डॉक्टरांना विचारूनच. आजाराच्या पहिल्याच वर्षात वारंवार पडणं सुरू झालं असेल तर तेही ठासून सांगावं. कधी कधी निदानच पुन्हा तपासावं लागतं.

बीपी नेहमी बसवून बघतात आणि ते बरं येतं. ते असं बघायला हवं: पाच मिनिटं आडवं झोपवून एकदा, मग उभं राहिल्यावर एका आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा 20 किंवा खालचा 10 नं उतरला, तर उठल्या उठल्या येणाऱ्या घेरीचं कारण सापडलं.

पाय फरशीला चिकटतात तेव्हा हात धरून ओढू नका. धड पुढे येतं, पाय तिथेच राहतात आणि माणूस तोंडावर पडतो. थांबायचं, ताठ व्हायचं, वजन एका पायावरून दुसऱ्यावर न्यायचं आणि मोठ्यानं ‘एक’ म्हणत लांब पाऊल टाकायचं. दाराशी चालण्याच्या दिशेला आडव्या, फरशीहून वेगळ्या रंगाच्या चिकटपट्ट्या एकेका पावलाच्या अंतरावर लावल्या. पट्टी ओलांडायची म्हटलं की अडलेला पाय सुटतो. सगळ्यांचाच सुटतो असं नाही. वळताना जागच्या जागी गिरकी नको, अर्धगोल घ्यायचा.

लोखंडी कपाटाचं दार हा आमच्याकडचा छुपा शत्रू. समोर उभं राहून ओढलं की तोल मागे जातो आणि सावरायला मागचं पाऊल पडतच नाही. बाजूला, एक पाय मागे ठेवून उभं राहायचं आणि दुसऱ्या हातानं काहीतरी पक्कं धरायचं. फ्रिजचंही तसंच.

बाथरूममध्ये टॉवेलची दांडी वजन पेलत नाही. भिंतीत स्क्रूनं बसवलेला दांडाच हवा. आंघोळ स्टुलावर, पायजमा बसूनच घालायचा. पायपुसणी आणि सैल स्लिपर घरातून हद्दपार. रात्री उशाशी युरिन पॉट आणि मंद दिवा. दर पावलाला उचलून पुढे ठेवायचा वॉकर पाय अडणाऱ्यांना बऱ्याचदा गोंधळात टाकतो, म्हणून तो फिजिओथेरपिस्टनं चालवून बघितल्याशिवाय विकत घेऊ नये.

पडल्यावर लगेच काखेत हात घालून उचलायचं नाही. पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसला तर हलवू नका, 108 ला फोन करा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना डोक्याला मार लागला, तर माणूस ठीक बोलत असला तरी दवाखाना गाठायचाच. काही लागलं नसेल तर कुशीवर, मग हातागुडघ्यांवर, रांगत खुर्चीपाशी, बळकट पाय पुढे आणि मग वर.

या सगळ्यात घरच्यांची प्रवृत्ती ‘बसूनच राहा’ म्हणण्याची. त्यानं पाय आणखी कमजोर होतात आणि माणूस घरात कोंडला जातो. पार्किन्सन्समधलं जगणं मोजणाऱ्या पीडीक्यू-39 प्रश्नावलीत चारचौघांत पडण्याच्या भीतीचा आणि घरात अडकून पडण्याचाही प्रश्न आहे, ते उगाच नाही. म्हणून वहीत पाचवा रकाना आला: आज बाहेर गेले का? कट्ट्यावर जायची वेळ आता गोळीच्या असरावर ठरते. जाताना बोलत चालायचं नाही. गप्पा बाकावर टेकल्यावर.