पहिला पासपोर्ट, व्हिएतनामचा ई-व्हिसा आणि नावाचं एकच स्पेलिंग

महाराष्ट्र बोर्डाच्या दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी येतं: पाटील सुनील वसंत. आधारवर तेच सुनील वसंत पाटील असतं, बँकेच्या पासबुकावर कधी नुसतं सुनील पाटील, तर कधी एस. व्ही. पाटील. देशात यानं फारसं काही अडत नाही. मुंबईहून हनोई गाठायचं ठरवलं, की मात्र हीच गोष्ट आडवी येते. म्हणून पहिल्यांदा परदेशी निघालेल्यांना माझं आधी एकच सांगणं असतं. तिकिटं बघायच्या आधी आधार, पॅन आणि दहावीचं प्रमाणपत्र समोर ठेवा आणि इंग्रजी स्पेलिंग अक्षरन् अक्षर जुळवा. एका कागदावर दीर्घ ऊसाठी 'डबल ओ' आणि दुसऱ्यावर 'यू' असेल, तर आधी ते दुरुस्त करून घ्या.

पासपोर्टच्या अर्जात नावाचे दोनच रकाने असतात: 'सरनेम' आणि 'गिव्हन नेम'. दहावीच्या क्रमानं नाव उतरवलं, तर आडनाव भलत्या रकान्यात जाऊन बसतं. आडनाव पहिल्या रकान्यात लिहा, 'सुनील वसंत' दुसऱ्यात. वडिलांचं नाव घालावं, असं माझं मत आहे, कारण आपल्या बाकीच्या कागदांवर ते असतंच. पण एकदा घातलं, की तिकीट आणि व्हिसा दोन्हींवर ते आलंच पाहिजे. आडनावाचा रकाना मोकळा सोडू नका. नोव्हेंबर २०२२ पासून संयुक्त अरब अमिरातीनं पासपोर्टवर एकच नाव असलेल्यांच्या पर्यटन व्हिसावर निर्बंध आणले आहेत. लग्नानंतर पासपोर्टवरचं नाव बदलण्याची सक्ती नाही. माहेरच्या नावाचा पासपोर्ट असेल, तर तिकीटही माहेरच्याच नावानं काढायचं.

३६ पानी साध्या पासपोर्टचं शुल्क १५०० रुपये, ६० पानीचं २०००. तत्काळला वर आणखी २००० लागतात. शुल्क ऑनलाइन भरलं, की भेटीची वेळ मिळते. पासपोर्ट सेवा केंद्रात 'ए', 'बी', 'सी' अशा तीन काउंटरवर जावं लागतं: 'ए'वर फोटो, बोटांचे ठसे आणि कागदांचं स्कॅनिंग, 'बी'वर मूळ कागदांची तपासणी, 'सी'वर मंजुरी. फोटो तिथेच पांढऱ्या पडद्यापुढे काढतात, तेव्हा गडद रंगाचे कपडे घाला. दहावीचं प्रमाणपत्र न्यायला विसरू नका. दहावी पास असल्याचं त्यावरून दिसलं, की 'नॉन-ईसीआर' पासपोर्ट मिळतो, म्हणजे परदेशी नोकरीला जाताना सरकारची वेगळी परवानगी लागत नाही. ईसीआर शिक्क्याचा अडथळा आखाती देशांसारख्या ठिकाणी नोकरीला जाताना येतो, सहलीला नाही.

बरेच अर्ज अडकतात पोलीस पडताळणीत. पुण्यात भाड्यानं राहायचं आणि अर्जात गावाकडच्या घराचा पत्ता द्यायचा, ही नेहमीची चूक. पोलीस गावी जातात, माणूस तिथे नसतो, प्रतिकूल अहवाल जातो. सध्या जिथे राहता तोच पत्ता द्या आणि त्याचा पुरावा जवळ ठेवा. पासपोर्ट स्पीड पोस्टानं येतो आणि पोस्टमन तो ज्याचा त्यालाच देतो.

हातात पडल्या पडल्या फोटोच्या पानाच्या तळाशी असलेल्या दोन ओळी वाचा. प्रत्येक ओळीत ४४ खुणा असतात. पहिल्या ओळीत आडनाव, मग दोन बाणचिन्हं (<<), मग नाव. विमानतळावरचं यंत्र हेच वाचतं. मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षं चालतो. आईवडिलांचा दहा वर्षांचा असल्यामुळे मुलांची मुदत संपत आलेली ध्यानातच येत नाही. आणि पानांवर पेनची एक रेघही नको.

व्हिएतनामला प्रवेशाच्या वेळी पासपोर्टची किमान सहा महिने मुदत शिल्लक हवी. ऑगस्ट २०२३ पासून ई-व्हिसा ९० दिवसांपर्यंत मिळतो: एकदा प्रवेशाला २५ डॉलर, अनेकदा प्रवेशाला ५०. मधे कंबोडियात जाऊन अंगकोरची मंदिरं पाहून परतायचं असेल, तर ५० डॉलरचाच घ्या. २५ वाल्यावर परत आत येता येत नाही. सरकारी संकेतस्थळाचा पत्ता 'डॉट गव्ह डॉट व्हीएन'नं संपतो. तशीच दिसणारी खासगी संकेतस्थळं जास्त पैसे घेतात. पासपोर्टचं पान अपलोड करताना तळाच्या त्या दोन ओळी कापल्या जाऊ देऊ नका, आणि स्वतःचा फोटो चष्म्याशिवाय द्या. तारीख दिवस-महिना-वर्ष याच क्रमानं लिहा. चुकीची माहिती गेली, की बहुतेक वेळा नव्यानं अर्ज करावा लागतो आणि शुल्क परत मिळत नाही. मंजुरीला साधारण तीन कामाचे दिवस लागतात, पण तेत या त्यांच्या नववर्षाच्या सुट्टीत थांबावं लागतं. मुंबईची बरीच विमानं रात्री सुटून दुसऱ्या दिवशी पोचतात, त्यामुळे तारखेचा घोळ होतो. व्हिसा उतरण्याच्या एक दिवस आधीपासूनचा मागा.

युरोपातल्या अनेक देशांत एकाच व्हिसावर फिरू देणाऱ्या शेंगेन व्हिसाचं प्रकरण याहून खूप लांबतं. प्रौढांसाठी ९० युरो, ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा, ज्या देशात सर्वांत जास्त मुक्काम त्याच देशाकडे अर्ज, आणि प्रत्यक्ष जाऊन बोटांचे ठसे. लग्नसराईत बोटांच्या टोकांवर मेंदी असेल, तर ठसे नीट उमटत नाहीत.

मुंबईच्या टर्मिनल २ वर तीन तास आधी पोचा. तिकिटावर नाव 'सुनीलवसंत' असं जोडून छापलेलं दिसलं तर घाबरू नका, अक्षरं तीच असली की चालतं. ई-व्हिसाच्या दोन छापील प्रती हाताशी ठेवा. बोर्डिंग पास देण्याआधी विमान कंपनीही ती बघते. इमिग्रेशनला कुठे, किती दिवस, परतीचं तिकीट, हॉटेल एवढंच विचारतात. सरळ उत्तरं द्या. हनोईला शिक्का मारून पासपोर्ट परत मिळाला, की काउंटर सोडण्याआधी त्यावरची मुक्कामाची शेवटची तारीख वाचा. चुकली असेल तर तिथल्या तिथे दाखवा.