अर्धं लेबल

रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून मी बरीच वर्षं काढली. आम्लाच्या मोठ्या बरण्यांची मला कधी भीती वाटली नाही, कारण आत काय आहे ते माहीत असायचं. धडकी भरायची ती कपाटाच्या मागच्या रांगेत सापडणाऱ्या, लेबल गळून पडलेल्या बाटलीची.

टाकायच्या रसायनाला आम्ही चार प्रश्न विचारायचो. पेटेल का? त्वचा किंवा धातू खाईल का? हवा-पाणी लागलं की भडकेल का? विषारी आहे का? एकालाही 'हो' आलं की तो घातक कचरा, मोरीत ओतायचा नाही. पण नावच ठाऊक नसेल तर विचारणार कुणाला?

एकदा एका मुलाने नायट्रिक आम्लाच्या टाकाऊ कॅनमध्ये ॲसिटोन ओतलं आणि झाकण गच्च फिरवलं. दोन्ही 'टाकाऊच' ना, असा त्याचा हिशेब. थोड्या वेळात कॅन फुगला. सगळ्यांना बाहेर काढलं. तेवढ्यात झाकण उडालं आणि तांबूस धूर छतापर्यंत गेला. नशीब, कुणी जवळ नव्हतं. (मुलगा हुशार होता. हुशार मुलांकडूनच हे जास्त घडतं, असं माझं मत आहे.)

ब्राझीलमधल्या गोयानियाची गोष्ट मी दर नव्या तुकडीला सांगायचो. १९८७ साली तिथल्या एका बंद पडलेल्या रुग्णालयातून किरणोपचाराच्या यंत्राचा भाग दोघांनी भंगार म्हणून उचलला. आत सीझियम-१३७ या किरणोत्सारी मूलद्रव्याचा क्षार होता, जेमतेम ९३ ग्रॅम पूड. भंगारवाल्याला ते अंधारात निळं चमकताना दिसलं. केवढं अप्रूप! त्याने ते घरच्यांना, शेजाऱ्यांना वाटलं. काहींनी अंगाला चोळलं. चौघं दगावली, त्यांत सहा वर्षांची एक मुलगी. एक लाखाहून अधिक लोकांची तपासणी करावी लागली. कायद्याच्या पुस्तकात किरणोत्सारी कचऱ्याचा खण वेगळा असतो, हे मला माहीत आहे. पण मुलांना मला दाखवायचं असायचं ते एवढंच, की त्या घरात कुणालाच ती पूड काय आहे ते ठाऊक नव्हतं.

निवृत्तीच्या आधी कपाट रिकामं करताना एक तपकिरी बाटली निघाली. लेबल अर्धं फाटलेलं. 'इथर' वाचता आलं, उघडल्याची तारीख नाही. झाकणाच्या कडेला पांढरे स्फटिक जमलेले. इथर हवेतला ऑक्सिजन घेत हळूहळू पेरॉक्साइड बनवतं आणि ते साठलं, की झाकण फिरवताना होणारं घर्षणही स्फोटाला पुरतं. मी हात मागे घेतला, खोली बंद केली, फोन केला. तज्ज्ञ मंडळी जाड ढाली घेऊन आली आणि तासाभराने बाटली घेऊन गेली.

फळीवर तिच्या बुडाचा गोल डाग राहिला. मी तो पुसला नाही.